चाहत्यांच्या कन्व्हेन्शनला पाहुणी म्हणून जाताना

प्रश्न खानापूरहून आला आहे. भीमगडच्या जंगलावर पत्त्यांचा एक खेळ रचून त्याच्या थोड्या प्रती स्वतःच्या खर्चाने छापून घेतलेल्या एका तरुणीला बेंगळुरूतील एका कन्व्हेन्शनने, म्हणजे खेळ आणि कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याने, पाहुणी डिझायनर म्हणून बोलावले आहे. प्रवासखर्च मागणे बरे दिसेल का, व्यासपीठावर काय बोलावे, इंग्रजी बेताचेच असल्यामुळे अडचण होईल का, आणि इतक्या लोकांपुढे खेळ मांडल्यावर त्यातील कल्पना कोणी उचलली तर काय करावे, असे तिने विचारले आहे. मी बेळगावात राहून बरीच वर्षे पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ रचते आहे. अशा कन्व्हेन्शनना मी कधी पाहुणी म्हणून, कधी भाड्याचा स्टॉल घेऊन, तर कधी नुसती खेळाडू म्हणून गेले आहे; त्या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहिते.

तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो असा की पाहुणीने तिथे जाऊन नेमके करायचे काय. आपल्या सीमाभागात पाहुणा म्हटला की कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतील मराठी साहित्य संमेलने डोळ्यांपुढे येतात. ग्रंथदिंडी निघते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, पाहुणे भाषण करतात आणि मांडवातले लोक शेवटपर्यंत बसून ऐकतात. त्या रीतीविषयी मला मनापासून आदर आहे, पण तिची अपेक्षा बरोबर घेऊन कन्व्हेन्शनला गेलात तर तुमचा दिवस वाया जाईल. तिथे एकाच वेळी अनेक ठिकाणी कार्यक्रम चालू असतात, आवडत्या पात्रांची वेशभूषा करून आलेले तरुण एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरत असतात, आणि व्यासपीठावरील चर्चेला बसलेले श्रोतेसुद्धा मधेच उठून जातात, यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नसतो. तुमची खरी ओळख लोकांना होते ती टेबलापाशी, तुमचा खेळ त्यांच्या हातात आल्यावर. म्हणून आयोजकांकडे सर्वांत आधी मागायची गोष्ट माझ्या मते ही आहे: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, फक्त तुमच्या खेळासाठी राखलेले एक टेबल. अनोळखी माणसे आपला खेळ खेळताना शांतपणे पाहायला मिळणे हा पाहुणेपणाचा सर्वांत मोठा मोबदला आहे, आणि बाकी सगळी व्यवस्था त्याच्याभोवती बांधावी.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भागही बराच आहे, तो आधी सांगते. 'पाहुणा' हा शब्द आयोजक फार वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. काही ठिकाणी प्रमुख पाहुण्यांचा प्रवास, राहणे आणि जेवण आयोजक करतात आणि थोडे मानधनही देतात. काही ठिकाणी चर्चेत बोलणाऱ्याला केवळ प्रवेशाचा बिल्ला मिळतो. आणि काही ठिकाणी निमंत्रणपत्रावर पाहुणा असे लिहून शेवटी स्टॉलचे भाडे मागितले जाते. अशा वेळी तुम्ही पाहुणी नसून विक्रेत्या आहात हे ओळखून त्या हिशेबाने निर्णय घ्यावा. त्यामुळे खर्चाविषयी विचारण्यात संकोच मुळीच बाळगू नका. कार्यक्रम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोजचा असतो आणि स्पष्ट विचारणाऱ्या पाहुण्याशी व्यवहार करणे त्यालाही सोपे जाते. प्रवास कोणत्या वर्गाने, राहण्याची सोय किती रात्रींची, दिवसाकाठी किती तास काम अपेक्षित आहे, खेळाच्या प्रती विकता येतील का, आल्या तर विक्रीतून आयोजक काही हिस्सा घेणार का, आणि तुमच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण कुठे दाखवले जाणार, इतके सगळे एका ईमेलमध्ये विचारा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. मानधन मिळणार असेल तर पॅन क्रमांक द्यावा लागतो आणि ठरावीक मर्यादेपुढे उगमस्थानी करकपात होते. कापलेली रक्कम विवरणपत्रात दाखवता येते, म्हणून तिचे प्रमाणपत्र जपून ठेवा.

तुम्ही एकट्या जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी मागा. राहण्याची सोय इतर पाहुण्यांच्याच हॉटेलात असावी, आणि टेबलापाशी पूर्ण वेळ एक स्वयंसेवक असावा. स्वयंसेवक असल्यामुळे पाणी पिण्यास किंवा जेवायला उठता येते, आणि कोणी नको तितका वेळ घुटमळत राहिले तर बोलायला दुसरे माणूस जवळ असते. सोबत कोणाला नेणार असाल तर त्यांचा प्रवेशही आधीच लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक निमंत्रणाच्या वेळी आग्रहाने मागते, ती म्हणजे वेळापत्रकात आणि फलकावर खेळाच्या नावासोबत रचनाकाराचे व चित्रकाराचे नाव छापले जावे. हा आग्रह हौसेपोटी नाही. खेळ रचणाऱ्याला नावाने ओळखण्याची रीत जगातही फार जुनी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनेव्हा येथे १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्स या रचनाकारांनी 'जेन कॉन' हे खेळांचे संमेलन भरवले, तेव्हा ते युद्धखेळांच्या मोजक्या शौकिनांचे एकत्र येणे होते. आज इंडियानापोलिसमध्ये भरणारे तेच संमेलन पटावरच्या खेळांच्या सर्वांत मोठ्या संमेलनांपैकी एक आहे. जर्मनीतील एसेन येथे १९८३ मध्ये खेळांचा मेळा सुरू झाला. तरीही त्या काळी दुकानातल्या पुष्कळ पेट्यांवर फक्त प्रकाशकाचे नाव असे. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात जमलेल्या काही जर्मन रचनाकारांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून जाहीर केले की, पेटीवर आमचे नाव येणार नसेल तर आम्ही प्रकाशकाला खेळ देणार नाही. पुढे १९९१ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुस्तकावर लेखकाचे असते तसे पेटीवर रचनाकाराचे नाव ही रूढी झाली. आज खानापूरच्या रचनाकाराला पाहुणी म्हणून बोलावणे येते त्यामागे ही वाटचाल आहे, म्हणून छापील वेळापत्रकात तुमचे नाव वगळले गेले तर ते दुरुस्त करून घ्या. तुमच्या पत्त्यांवरची चित्रे ज्यांनी काढली त्यांचेही नाव तिथे हवेच.

आता कल्पना उचलली जाण्याची भीती. नवीन रचनाकाराला ही भीती सर्वांत जास्त वाटते, म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट सांगते. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने संरक्षण मिळते ते कल्पनेला नव्हे, तर त्या कल्पनेला तुम्ही दिलेल्या रूपाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. म्हणजे तुमच्या नियमपुस्तिकेचा मजकूर, पत्त्यांवरची चित्रे आणि मांडणी यांची कोणी नक्कल केली तर तुम्हाला दाद मागता येते, पण 'पत्ते जोडून अधिवास तयार करायचा' ही पद्धत कोणी आपल्या वेगळ्या खेळात वापरली तर ती अडवता येत नाही. पेटंटचा मार्गही बंद आहे, कारण १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही. खेळाचे नाव आणि बोधचिन्ह मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते.

हे वाचून मन खट्टू होण्याचे कारण नाही, उलट यातून मार्ग स्पष्ट होतो. खेळ झाकून ठेवल्याने प्रताधिकाराचे कोणतेही जास्तीचे कवच मिळत नाही, आणि तो सुधारण्याची संधी मात्र हातची जाते. शेकडो लोकांसमोर, तारखेसह छापलेल्या कार्यक्रमात, तुमच्या नावाने खेळ खेळला जाणे हाच तो तुमचा असल्याचा चांगला पुरावा होतो. मी न छापलेला नमुनाही टेबलावर मांडते. फक्त त्यावर नाव, वर्ष आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. काळजी घ्यायची ती उलट बाजूने. कन्व्हेन्शनमध्ये बरेच जण तुमच्याजवळ येऊन आपल्या मनातला खेळ सांगू लागतात. तुम्ही त्याच विषयावर आधीच काम करत असाल तर त्यांना तिथेच नम्रपणे थांबवा आणि तसे स्पष्ट सांगा, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही. तसे नसेल तर मनापासून ऐका. ज्याला आपला खेळ कोणाला दाखवावा हे कळत नाही अशा मुलाला तुमची दहा मिनिटे फार मोलाची असतात.

आता टेबलाविषयी, आणि इथे मी हात राखून लिहिणार नाही. घरच्या आणि मित्रांच्या गटात खेळ तपासणे वेगळे आणि इथे वेगळे. घरची माणसे तुमच्यासाठी खेळतात, चुकल्यास विचारतात आणि डाव संपेपर्यंत बसतात. कन्व्हेन्शनमधला माणूस दमलेला असतो, आजूबाजूला ध्वनिक्षेपकाचा आवाज असतो, आणि थोड्या वेळाने त्याला दुसरीकडे जायचे असते. म्हणून पाऊण तासाचा खेळ असेल तर पंधरा-वीस मिनिटांचा छोटा डाव आधीच तयार करून न्या: कमी पत्ते, पहिली मांडणी तुम्ही करून ठेवलेली, आणि शेवट कुठे ते ठरलेले. समजावून सांगताना या खेळात तुम्ही कोण आहात, जिंकायचे कसे आणि आपली पाळी आली की काय करायचे, एवढे तीनच मुद्दे सांगा आणि लगेच पत्ते वाटा. खेळ कसा सुचला, किती महिने लागले, हे कोणी विचारले तर सांगावे.

त्यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे: गप्प बसणे. स्वतः खेळायला बसू नका, कारण तुम्ही खेळात असलात की लोक तुमच्या चेहऱ्याकडे पाहून खेळी ठरवतात. थोडे मागे बसा, वही उघडा आणि हात पाहा. पत्ता उचलून कोण दोनदा वाचतो, कोणाची पाळी आली हे कोणत्या क्षणी कळेनासे होते, मोबाइल कधी बाहेर निघतो, आणि कोणत्या पत्त्यावर सगळे एकदम पुढे झुकतात, हे लिहून ठेवा. कोणी नियम चुकीचा समजून खेळत असेल तर डाव मोडण्याची वेळ येईपर्यंत दुरुस्त करू नका. तो नियम काय समजला ते लिहा, कारण दुकानातून पेटी घेऊन गेलेल्या माणसाजवळ तुम्ही नसणार. बाजार हा विषय असलेल्या माझ्या एका खेळात गुणांची मोजणी नियमानुसार अगदी शेवटी व्हायची, परंतु कन्व्हेन्शनमधल्या टेबलावर गटामागून गट प्रत्येक फेरीनंतर आपले गुण मोठ्याने मोजून एकमेकांना डिवचत होते. त्यांच्या त्या मोजण्यातच मजा होती. पुढच्या आवृत्तीत मी गुणांची पट्टी पटावरच छापली आणि खेळाला जी चुरस आली ती घरच्या कोणत्याही चाचणीत मला दिसली नव्हती.

डाव संपल्यावर 'कसा वाटला' असे विचारले तर समोरचा माणूस सौजन्याने 'छान' म्हणतो, आणि त्या उत्तराचा उपयोग होत नाही. त्याऐवजी 'हा पत्ता टाकला तेव्हा काय होईल असे वाटले होते?' असे विचारा. तुमच्या खेळात भीमगडच्या रानातील बारापेडेच्या गुहांतले मुक्तपुच्छ वटवाघूळ आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते ज्याच्या हाती आले त्याने तो पत्ता राखून ठेवला की पहिल्या संधीला टाकून दिला, आणि का, हे विचारा. जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडणाऱ्या त्या प्राण्याचे दुर्मीळपण खेळाडूला पत्त्याच्या किमतीतून जाणवले की केवळ चित्राखालच्या ओळीतून, याचे उत्तर तुम्हाला तिथे मिळेल. लोक काय बोलले आणि त्यांनी काय केले यांत फरक पडला, तर मी नेहमी केलेल्यावर विश्वास ठेवते.

व्यासपीठावर काय बोलावे याचेही उत्तर यातच आहे. चर्चा चालवणाऱ्या व्यक्तीकडून प्रश्न आधी मागवून घ्या आणि जे तुमच्याशिवाय तिथे कोणी सांगू शकणार नाही तेच सांगा. परदेशी खेळांची माहिती श्रोत्यांना तुमच्याइतकीच असते. परंतु २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या भीमगडच्या जंगलात पावसाळ्यात काय दिसते, म्हादईच्या उगमाजवळच्या त्या रानाचे नियमांत रूपांतर करताना काय ठेवले आणि काय सोडले, हे तुम्हीच सांगू शकता. मी स्वतः अनेकदा गंजिफ्यांविषयी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पारंपरिक पत्त्यांविषयी, बोलते. आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडी आहे, जिथे हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा आजही होतात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. इकडे म्हैसूरला तिसरे कृष्णराज वोडेयार यांनी एकोणिसाव्या शतकात गंजिफ्याचे आणि पटाचे कितीतरी प्रकार रचले. आपण या दोन्हींच्या मधल्या मुलखात राहतो, आणि बेंगळुरूतील तरुण श्रोते हे फार उत्सुकतेने ऐकतात असा माझा अनुभव आहे.

इंग्रजीची चिंता मला सर्वांत कमी वाटते. बेळगाव-खानापूरकडे वाढलेल्या माणसाला बाजारात, शाळेत आणि बसस्टँडवर मराठी, कन्नड, हिंदी आणि बरेचदा कोकणीही कानावर पडते, आणि खेळाच्या टेबलावर हीच आपली मोठी ताकद ठरते. समोरच्या कुटुंबाशी पहिली दोन वाक्ये कन्नडमध्ये बोललात तर आजी-आजोबाही खेळायला बसतात. नियमांच्या एका पानाचा सारांश मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापून न्या. कन्नड मजकूर ज्याची ती मातृभाषा आहे त्याच्याकडून तपासून घ्या. पत्त्यांवर शक्य तितकी माहिती चिन्हांनी द्या, म्हणजे एकाच टेबलावर तीन भाषांची माणसे खेळू शकतील. व्यासपीठावर एखादे वाक्य मराठीत किंवा हिंदीत बोलावेसे वाटले तर बोला आणि सूत्रसंचालकाला अनुवाद करू द्या. बेळगावकडच्या म्हटल्यावर कधी कोणी सीमाप्रश्नावरही बोलू पाहतो. मी मराठी भाषिक आहे, कर्नाटकात राहते आणि माझा खेळ दोन्ही भाषांत आहे, एवढे मी सरळ सांगते आणि पुढचा डाव वाटायला घेते.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: खर्च आणि अटी लेखी घ्या, नाव छापून घ्या, टेबल राखून घ्या, खेळ मोकळेपणाने दाखवा, आणि डाव चालू असताना कमी बोला.

सामानाविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. कागद फार जड असतो. पत्त्यांची छोटी पेटी ३०० ग्रॅमची धरली तरी ४० पेट्यांचे १२ किलो होतात, आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने गेल्यास साधारण १५ किलोच सामान तिकिटात धरलेले असते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या बसने जाणार असाल तर वजनाचे बंधन तितके नाही, पण पहाटे उतरून ते ओझे सांभाळणे आलेच. त्यापेक्षा विक्रीच्या प्रती आधी कुरिअरने आयोजकांच्या पत्त्यावर पाठवून पोच मागवावी आणि स्वतःजवळ फक्त खेळवण्याच्या प्रती ठेवाव्यात. या प्रतींचे पत्ते प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला आणि हरवू शकणाऱ्या पत्त्यांची जादा जोडी ठेवा. खानापूरच्या पावसाळी हवेतून वातानुकूलित सभागृहात गेलेले पत्ते वाकतात, म्हणून हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधा.

भेटायला येणाऱ्यांबद्दल एवढेच की पेटीवर सही करण्याआधी नाव कसे लिहायचे ते विचारा, मुलांचे छायाचित्र आई-वडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि वेशभूषा केलेल्या कोणाच्याही पोशाखाला परवानगीशिवाय हात लावू नका. घसा जपा, संध्याकाळपर्यंत बोलून आवाज बसतो, म्हणून दुपारी तासभर टेबल स्वयंसेवकाकडे सोपवून शांत जागी बसा. प्रकाशकांना भेटायचे असेल तर वेळ आधी ईमेलने ठरवा आणि खेळाची माहिती एका पानात न्या: खेळाडू किती, वेळ किती, वय काय, पेटीत काय काय आहे आणि एक स्पष्ट छायाचित्र. गर्दीत अचानक गाठून दाखवलेला खेळ कोणाच्या लक्षात राहत नाही.

रोज रात्री खोलीवर परतल्यावर, झोपण्याआधी, वहीतल्या नोंदी नीट लिहून काढा, कारण दुसऱ्या दिवसाच्या गर्दीत आदल्या दिवसाची टेबले एकमेकांत मिसळतात. घरी आल्यावर आठवडाभर त्यांना हात लावू नका, मग वाचा. एकाच टेबलावर दिसलेली अडचण बाजूला ठेवा. वेगवेगळ्या गटांना एकाच ठिकाणी आलेली अडचण मात्र गंभीरपणे घ्या, आणि आधी नियमपुस्तिकेतले वाक्य बदलून ती सुटते का ते पाहा, कारण मजकूर बदलणे पत्ता बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. तेवढ्याने सुटली नाही तर पत्ता बदला, बदललेला खेळ खानापुरातच नव्या माणसांपुढे पुन्हा मांडा, आणि त्यानंतरच दुसऱ्या छपाईची फाइल छापखान्याकडे पाठवा.